खरजुली जुई

गेल्या पावसाळ्यात मी तीनचार दिवस गावात नव्हतो. पोरगा म्हणतो बाबा रुसून गेले. सून म्हणते देवाला गेले. हॉटेलावर चहा पिणारे म्हणतात, म्हातारा दुसरी बायको बघायला गेला. तिन्ही खोटं आहे. मी जुईच्या फांदीसाठी गेलो होतो. ज्याला त्याला सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. चौथी शिकलो आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे, ते चालवून घ्या.

घर

आमच्या न्हाणीच्या मागं जुई आहे. माझ्या बायकोनं, कौतिकानं लावलेली. न्हाणीचं पाणी तिकडंच जातं, त्यावर ती जगते. पावसाळ्यात फुलली की कौतिका सांजेला कळ्या तोडून माठात टाकायची. डोक्यात कधी माळल्या नाहीत. म्हणायची, डोक्यावर पदर असतो, वास काय पदरानंच घ्यायचा? सकाळी पहिल्या घोटालाच कळायचं की जुई फुलली. लग्न झाल्यापासून मी तेच पाणी प्यालो. कौतिका मागच्याच्या मागच्या थंडीत गेली. तेव्हापासून पाणी नुसतं पाणी लागतं.

गेल्या पावसाळ्यात जुईला कळ्या धरल्याच नाहीत. पानांवर पांढरी लव आली. कोकराच्या कानावर असते तशी, मऊ. देठावर, कोवळ्या शेंड्यांवर, सगळीकडं. पानं आखडून वळली. शेजारीण बघून म्हणाली, "कौतिकाबाईनं जुईला पांघरूण घातलं हो," आणि डोळ्याला पदर लावला. कौतिकाला पांघरूण घालायचं असतं तर तिनं मला घातलं असतं. थंडी मला वाजते, जुईला नाही.

गजानन, माझा पोरगा, एका दुकानातून बुरशीची पावडर घेऊन आला. फवारली. लव तशीच राहिली, वरून पावडर बसून झाड जास्तच पांढरं दिसायला लागलं. मग गजा म्हणाला, "उपटून टाकू बाबा. तिथं पाण्याची टाकी बसवायचीच हाय."

म्हटलं, "टाकी माझ्या डोक्यावर बसव."

"बसवतो. त्या निमित्तानं आंघोळ तरी होईल तुमची."

कौतिका पाणी तापवून न्हाणीत ठेवायची आणि हाक मारायची, "पाणी काढलं, चला." हाक बंद झाली तशी आंघोळीची आठवण राहत नाही. त्यात घरभर बोलण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

गावातल्या एकानं सांगितलं की वारंगा फाट्याकडं शेतीचं सरकारी केंद्र आहे, तिथं मशीनखाली पान धरून रोग सांगतात. मी जुईची एक फांदी तोडली, पिशवीत घातली आणि निघालो. गजा म्हणाला, "फोटो काढून पाठवतो, काहून चालले?" म्हटलं, डॉक्टरकडं कधी फोटो जातो का, आजारी माणूसच जातो.

वारंगा फाटा

सेनगावपर्यंत जीप मिळाली. जीप गच्च होती, तरी माझ्या बाजूला जागा मोकळी राहिली. लोकांनी मान दिला म्हणायचा. शेवटी एका बाईनं त्या जागेवर तिची बकरी उभी केली. बकरीनं मला हुंगलं, तिला काही वाटलं नाही. मग तिनं पिशवी हुंगली आणि मी पैशासाठी खिशात हात घालेपर्यंत अर्धी फांदी खाल्ली, लवेसकट. बाई उलटी मलाच म्हणाली, "बाबा, काय इख-बिख न्हाई ना त्यात?" म्हटलं, "रोग हाय. काय रोग हाय ते कळलं की सांगतो." ती पुढच्याच थांब्यावर बकरी घेऊन उतरली.

फाट्यावर खिचडी खाल्ली. तिथं जाणारा येणारा तेच खातो. पिवळी, मोकळी, वर तळलेली मिरची. आमच्या घरी खिचडी आजाऱ्याला देतात. इथं धडधाकट ट्रकवाले दुसऱ्यांदा मागून राहिले होते. कौतिकानं नावं ठेवली असती आणि ताट पुसून खाल्लं असतं.

केंद्रात एक मॅडम होत्या. आमच्या सुमनच्याच वयाच्या असतील. किड्यामुंग्यांचं शिकलेल्या. मी फांदी टेबलावर ठेवली. त्यांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "बुरशीचं औषध मारलं ना?"

"मारलं."

"बुरशी नाही ही बाबा. कोळी आहे."

"जाळं कुठंय मग?"

"हा जाळं करत नाही. डोळ्यालाही दिसत नाही. या, तुम्हीच बघा."

मशीनमध्ये आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मॅडमनी माझं डोकं धरून सरळ केलं. मग पांढरं जंगल दिसलं, गुंता झालेल्या लोकरीसारखं. त्यांनी सुईनं ते बाजूला सारलं तेव्हा आत काहीतरी हाललं. मुळ्यासारखं अंग, फिक्कट, पुढून जाड, मागून निमुळतं. पाय फक्त पुढच्या बाजूला. मागचं अंग नुसतं ओढत चाललेलं.

"याला चारच पाय?"

"चारच."

"गोचिडाला आठ असतात. माझा जन्म मेंढरात गेला, गोचीड मला ठाऊक हाय."

"कोळ्यांनाही आठच असतात. या जातीला मागचे चार नाहीत. एका पानात बसून रस प्यायचा, पाय लागतात कशाला?"

"असे आमच्या गावात बी हायेत," मी म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या पलीकडं बसलेला कारकून हसला.

मग त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकलं. ही लव किड्याची नाही. लव पानाचीच आहे. किडा पानाला टोचतो, त्यानं पानाची वाढ बिघडते आणि पानच ही लव काढतं. किडा त्या लवेत राहतो, अंडी घालतो, ऊन-पाऊस लागत नाही.

"म्हणजे खाणाऱ्यालाच घर बांधून द्यायचं," मी म्हटलं.

"तसंच. कळीला धरलं की कळी फुलत नाही. तुमच्या तुरीवर वांझ रोग येतो ना, झाड हिरवंगार वाढतं आणि फूल धरत नाही? तो रोगही याच्याच भावकीतला एक कोळी या झाडावरून त्या झाडावर नेतो."

भावकी म्हटल्यावर मला सगळं पटलं.

"पण हा चालत न्हाई म्हणता, मग जातो कसा?"

"वाऱ्यावर जातो. नाहीतर माणूस नेतो. फांदीबरोबर, कपड्यावर, हातावर." मग त्यांनी पान उलटंसुलटं केलं. "झाड तहानलेलं दिसतंय. पाणी कोण घालतं?"

"न्हाणीचं पाणी जातं त्याला."

"रोज जातं ना?"

मी मशीनमध्ये बघत राहिलो.

त्यांनी उपाय सांगितला. झाड बुडापासून छाटायचं. सगळा पाला तिथंच जाळायचा. नवीन फुटवे आले तर पाण्यात मिसळायचं गंधक फवारायचं. पण झाड जुनं आहे, पार पोखरलं आहे, फुटेलच याची खात्री नाही. याच जुईची फांदी कोणाकडं निरोगी असेल तर ती आणून दुसरीकडं लावा. "आणि ही फांदी इथंच ठेवा, आम्ही जाळतो. कुठं घेऊन फिरू नका."

मी व्हय म्हटलं. मॅडम हात धुवायला गेल्या तेव्हा फांदी परत पिशवीत घातली. फूल नसलेली जुई मला ओळखू येत नाही. दुसरीकडं गेल्यावर पानाला पान लावून बघायला काही पाहिजे होतं. त्यात ती कौतिकाच्या झाडाची. टेबलावर कशी सोडायची?

हिंगोली

कौतिकाच्या या जुईच्या फांद्या तीन ठिकाणी गेल्या होत्या. हिंगोलीत आमच्या लेकीला, म्हणजे सुमनला. नरसीला पारूबाई म्हणून तिची लहानपणची सोबतीण आहे, तिला. आणि वऱ्हाडाच्या हद्दीला तिची धाकटी बहीण अनुसया, तिला. अनुसयाचं तोंड फार. म्हणून तिला शेवटी ठेवलं.

सुमनच्या दारातच जुई होती, निळ्या ड्रममध्ये. मी फाटक उघडायच्या आधी दिसली. पांढरी.

"बाबा, बघा की," सुमन म्हणाली, "आईची जुई किती मऊ झाली. रोज सकाळी उठलं की हात फिरवते मी. आईच्या गोधडीवाणी लागते."

आधी चहा पिऊ दिला असता तर बरं झालं असतं, पण माझ्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं. मशीन, मुळ्यासारखं अंग, चार पाय. ती ऐकत ड्रमजवळ खाली बसली.

"ही फांदी मी आईच्या तेराव्याला नेली व्हती. तवा तर चांगली व्हती."

"तवा दिसत नसंल. किडा असंल."

"मी दाणे न्हाई ठेवले बाबा. रडण्यात ध्यानात न्हाई आलं. म्हणून झालं का असं?"

हे सांगायला पाहिजे. कौतिकाचा नेम होता की झाड फुकट द्यायचं नाही आणि फुकट न्यायचं नाही. नेणाऱ्यानं बुडाशी मूठभर दाणे ठेवायचे, नाहीतर लागत नाही. दुसऱ्या गावात मी हा नेम ऐकलेला नाही. तिच्या माहेरी आहे.

म्हटलं, "दाण्याचा काय संबंध न्हाई. कोळी हाय."

"मंग काय करायचं?"

"जाळायची."

"आईलाबी जाळलं, आता हिलाबी जाळा. तुमाला दुसरं काय सुचतं?"

ती उठली, घरात गेली, भांडी आपटली. मग कोयता घेऊन बाहेर आली आणि स्वतःच छाटली. जाळलीही तिनंच, मागच्या मोकळ्या जागेत. मला जवळ येऊ दिलं नाही. नंतर म्हणाली, "बाबा, पाणी तापवते, आंघोळ करा."

"उद्या करतो."

"उद्या तुमी जासाल."

"मग परवा."

जेवायला पोळ्या होत्या. हिंगोलीत येऊन सुमनच्या घरात ज्वारी राहिली नाही, सगळे गहू खातात, दातांना तकलीफ होत नाही म्हणे. सकाळी मी निघताना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्वारी आणली आणि माझ्या धोतराच्या सोग्यात गाठ मारून दिली. "या बारीनं दाणे विसरू नका," म्हणाली.

नरसी

पारूबाईचं नारळ-बत्ताशाचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. जुईचं विचारलं तर तिनं तोंड दुसरीकडं केलं. दुकानाला पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा आड येत होती, म्हणून दोन वर्षांमागंच तोडली.

"कौतिका असती तर शिव्या घातल्या असत्या मला," ती म्हणाली.

"घातल्या असत्या."

"मंग तिच्यावतीनं तुमी घाला."

मी घातल्या. दोनच, पण कौतिकाच्या ठेवणीतल्या. पारूबाईला बरं वाटलं. तिनं डोळे पुसले, मला चहा पाजला आणि बत्तासे बांधून दिले. गिऱ्हाईक मात्र तोंडात बोट घालून बघून राहिलं होतं.

आता एकच घर राहिलं. तिथं नसली तर कौतिकाची जुई संपली.

वऱ्हाडाची हद्द

सेनगाव आलं, आमच्या गावाचा फाटा आला. उतरलो नाही. पुढं डोंगराची माळरानं लागतात. आमच्याकडं सगळं सोयाबीन झालं, मेंढरं चारायला बांधसुद्धा राहिला नाही. तिकडं अजून कुसळी गवत आहे, दगड आहेत आणि मेंढरं आहेत. मला बरं वाटलं. मी माझी मेंढरं गुडघे गेले तेव्हा विकली.

अनुसयाचा नवरा कळप घेऊन रानात गेला होता. ती अंगणात कोकरांना पाला टाकत होती. मला बघून म्हणाली, "वास आला तवाच वाटलं, बोकड सुटला का काय. तर दाजी व्हय."

माझं ध्यान तिच्या बोलण्याकडं नव्हतं, तिच्या मागं जुई होती. दगडाच्या गडग्यावर चढलेली, हिरवी, अंगभर कळ्या. मी सरळ तिच्याकडं गेलो. पिशवीतली फांदी काढली आणि पानाला पान लावून बघितलं. पान तेच. बोटानं चोळून बघितलं, लव नाही. आनंदानं दुसऱ्या पानाला लावलं. तिसऱ्याला लावलं.

"ही काय आणली?" अनुसयानं विचारलं.

मी तिथंच उभा राहून तिला सगळं सांगितलं. मॅडम कशा हुशार, किडा कसा चालत नाही, माणसाच्या हातावर, कपड्यावर कसा जातो. फांदी माझ्या हातातच होती. अनुसयानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाजी, तुमच्या कळपात खरजुलं मेंढरू निघालं तर काय करत व्हते?"

"अलग बांधत व्हतो. लांब."

"अन् आता काय करून राहिले?"

मी माझ्या हाताकडं बघितलं. खरूज म्हणजे काय ते मला शिकवायला नको. एक मेंढरू खाजवत आलं की आठवड्यात कळप खाजवतो. जन्मभर दुसऱ्यांची खरजुली मेंढरं मी पाणवठ्यावरून हाकलली. आणि इथं अख्ख्या जिल्ह्यातून खरूज पिशवीत घालून आणली आणि कौतिकाच्या शेवटच्या झाडाला स्वतःच्या हातानं चोळली.

"हालू नका," अनुसया म्हणाली. "कशालाबी हात लावू नका."

तिनं विळ्यानं मी हात लावलेली बाजू पार बुंध्यापर्यंत छाटली. कळ्यांसकट. तो सगळा पाला तिनं बाहेरच्या चुलीत घातला. मग माझ्या हातातल्या फांदीकडं बोट केलं.

"ती बी टाका."

"ही घरी नेऊन जाळतो."

"इथं टाका."

"घरची जाळायची हाय. सुमनची जळाली. नरसीची तोडली. ही तेवढी राहू दे."

"दाजी," ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू, "ताई त्यात न्हाई."

"मला ठाऊक हाय."

"मंग टाका."

टाकली. पटकन पेटली नाही. आधी लव जळाली. मला वाटलं होतं लोकर जळल्याचा वास येईल. तसा नाही आला. पाल्याचाच आला.

नंतर तिनं मोठं पातेलं चढवलं, त्यात कडुनिंबाचा पाला टाकला. मेंढरं औषधाच्या पाण्यात बुडवून काढायच्या दिवशी करतात तशी सगळी तयारी. मी म्हटलं, उद्या करतो. तिनं न्हाणीत बादली ठेवली, आत गेली आणि आतून हाक मारली, "पाणी काढलं, चला."

बहिणींचा आवाज एकच आहे हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मी उठलो. कपडे तिनं भिंतीवरून टाकायला लावले आणि काठीनं उचलून उकळत्या पाण्यात घातले. मी दगडावर बसून पाणी घेतलं. बराच वेळ बसलो. पहिली बादली संपली तर तिनं भिंतीवरून दुसरी दिली. कशाला लागतं एवढं पाणी, असं विचारलं नाही.

घालायला तिच्या नातवाची अर्धी चड्डी मिळाली. तिच्यावर वाघाचं तोंड होतं. तशा अवस्थेत मी अंगणात बसलो तर ती पातेल्यातून माझं धोतर काठीनं वर काढून बघून राहिली होती. सोग्याची गाठ टम्म फुगलेली.

"यात काय हाय?"

"ज्वारी. फांदीच्या बदलीची. दाणे."

ती हसायला लागली ती थांबेचना. मग तिनं गाठ सोडली, ज्वारी धुऊन घेतली, अजून शिजवली, मीठ-मिरची लावून घुगऱ्या केल्या. आम्ही दोघांनी परातीतून खाल्ल्या. कडुनिंबाचा कडवटपणा होता थोडा. वरून पारूबाईचे बत्तासे खाल्ले.

"तुमचे दाणे मी खाल्ले," अनुसया म्हणाली. "आता फांदी द्यावीच लागंल. पण आज न्हाई. तुमी हात न्हाई लावला त्या अंगाची एक फांदी मातीत दाबते. मुळ्या सुटू द्या. तवर लव आली तर तुमचं नशीब, अन् माझंबी. न्हाई आली तर ताईच्या वर्षाला घेऊन येते."

मी रिकाम्या हातानं परत आलो. पिशवीसुद्धा तिनं जाळली.

परत घरी

गजाला सगळं सांगितलं. त्यानं कुऱ्हाड आणली. जुई बुडापासून तोडली आणि न्हाणीमागंच जाळली. गंधकही आणलं, पण बुडख्याला फुटवा आलाच नाही. टाकी त्यानं घराच्या दुसऱ्या अंगाला बसवली.

कौतिकाचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी अनुसया जीपमधून उतरली. हातात तेलाचा डबा, डब्यात हातभर जुई. ती दारातच थांबली, आत येईना. गजाला म्हणाली, "तुझा बाप आंघोळ करतो का?"

गजानं माझ्याकडं बघितलं.

"पाणी लागतं ना झाडाला," मी म्हटलं. "करतो."

मग ती आत आली. जुन्या जागेपासून थोडं हटून, पण न्हाणीच्याच पाण्यावर, तिनं आणि सुमननं मिळून खड्डा केला. सुमननं बुडाशी मूठभर ज्वारी ठेवली. गेल्या वर्षी ठेवायचे राहिलेले दाणेही त्यात असावेत, कारण मूठ मोठी होती.

आता जुईला नवीन पानं आली आहेत. मी हात लावत नाही, वाकून उलट्या बाजूनं बघतो. लव नाही. कळीला अजून वेळ आहे, माठातलं पाणी नुसतं पाणीच लागतं. सकाळी चूल मी पेटवतो, बादली मीच न्हाणीत ठेवतो. हाक कोणी मारत नाही. थोडा वेळ थांबतो आणि जातो.